पंधरा वॅटचा पंच

येळ्ळूरच्या जोतिबाच्या हातात झेंडा असला की बैलगाडीच्या शर्यतीत त्याच्या निकालावर कुणी तोंड उघडत नसे. अशी वीस वर्षं गेली. आठवड्याचे सहा दिवस हा माणूस उद्यमबागेतल्या एका कारखान्यात लेथवर लोखंड कातायचा. सूतभर जास्त नाही, सूतभर कमी नाही. सातव्या दिवशी पांढरी विजार घालायची, गळ्यात शिट्टी अडकवायची आणि कुठल्या तरी माळावर पांढऱ्या फक्कीनं मारलेल्या शेवटच्या रेघेवर जाऊन उभं राहायचं. गाड्या धुरळा उडवत आल्या की जोतिबा ज्या बाजूला झेंडा करील ती गाडी पहिली. मग मालक कितीही मोठा असो, मुकाट फेटा सावरून बैल सोडायला लागायचा.

गेल्या वर्षी मात्र या नावाला डाग लागला. निपाणीजवळ, वेदगंगेच्या काठच्या एका गावात शर्यत होती. फायनलला दोन गाड्या जवळजवळ जोडीनंच रेघेवर आल्या. एक येळ्ळूरच्या भरमूची, दुसरी नागेंद्रची. जोतिबानं नागेंद्रच्या बाजूला झेंडा केला. आता हा नागेंद्र म्हणजे जोतिबाच्या थोरल्या बहिणीचा, शालूबाईचा नवरा. आणि भरमू म्हणजे जोतिबाच्याच गल्लीतला, शाळेत एका बाकावर बसलेला, एकाच विहिरीचं पाणी वाटून घेणारा दोस्त.

"दाजीची गाडी पयली आली व्हय रं?" भरमू भर माळावर ओरडला. "आक्काच्या घरची पुरणपोळी आडवी आली असंल तुझ्या डोळ्याला!"

माणसं हसली. जोतिबा नाही हसला. त्या दिवसापासून भरमूनं बोलणं टाकलं. दोघांचा कारखाना एकच, तिथं जायची बसही एकच. आधी भरमू रुमाल टाकून जागा धरायचा, आता खिडकीकडं तोंड करून बसायचा. विहिरीवरच्या मोटारीची पाळी खोपीच्या दारावर खडूनं लिहून कळवायचा. जोतिबानं दोनदा बोलून बघितलं. भिंत तरी बरी, टकटक केलं तर आवाज येतो.

म्हणून यंदा त्याच गावातनं आण्णासाहेबांचा फोन आला तेव्हा जोतिबानं सरळ नाही म्हणून सांगितलं. आण्णासाहेब म्हणजे तिथले जैन पाटील, शर्यत भरवणारे. बैलाला चाबूक किंवा टोकदार पराणी लागली की गाडी बाद, हा त्यांचा नियम. त्या नियमासाठी त्यांनी चांगल्या चांगल्यांशी भांडणं घेतलेली. ते काय ऐकणार?

"जोतिबा, तू न्हाय आलास तर मी कुणाला हुबा करू? सगळे पंच कुणाचं ना कुणाचं पावणंच हाईत की."

जोतिबानं दोन दिवस विचार केला आणि परत फोन लावला. "येतो. पर रेघंवर कॅमेरा लावणार. आनि चित्र बघितल्याबिगर झेंडा उचलणार न्हाय. भरमू आलाच गाडी घेऊन, तर त्येला त्येच्या डोळ्यानं बघू दे."

कॅमेरा कारखान्यातला होता. लोखंडाला चीर गेली आहे का ते बघायला वापरायचे, आता कपाटात पडलेला. साहेबांनी दिला. काडेपेटीएवढी डबी. एका सेकंदात दोनशे चित्रं काढायची, पण तिला स्वतःचं डोकं नाही. वायर लॅपटॉपला जोडायची, वीज त्याच्याकडूनच घ्यायची आणि चित्रं उमटायची तीही लॅपटॉपमध्येच. म्हणजे सगळी मदार लॅपटॉपवर. आणि माळावर वीज नाही. जनरेटर आणावा तर त्याच्या धडधडीनं बैल बुजतात, म्हणून शर्यतीच्या माळावर इंजिन लावायचं नाही, ही जुनी रीत. माईक ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालायचा, पण लॅपटॉपला लागते तसली वीज काही त्यातनं निघत नव्हती.

शर्यतीच्या चार दिवस आधी, भर दुपारी, जोतिबा आपला लॅपटॉप पिशवीत घालून आण्णासाहेबांच्या घरी पोचला. पातळ, करड्या रंगाचा. लेकीनं नोकरीला लागल्यावर घेतलेला, आता बापाकडं आलेला. आण्णासाहेबांची लेक ब्राह्मी बेंगळूरच्या एका कंपनीचं काम घरातनंच करायची. तिनं आपला लॅपटॉप शेजारी मांडला. काळा, जाडजूड, दोन्ही अंगाला जाळ्या.

"काका, तुमचा राहू दे घरी," ती म्हणाली. "माझ्यातला प्रोसेसर पंचेचाळीस वॅटचा आहे. तुमच्यातला पंधराचा. मार्क बघितले तर माझे दुपटीच्या वर."

"मार्क कुणी दिलं?"

"नेटवर असतात. सगळे तेच बघून घेतात."

"बाजारात बैल घेताना मालक सांगतोय तेवढं आयकून घेत्यात काय गं? दात बघायचं, पाय बघायचं, गाडीला जुपून बघायचं. जुपूया दोनी."

आतनं आण्णासाहेब हसले. "जुपा, जुपा! हरंल त्यानं चहा करायचा."

शर्यत घराच्या पुढच्या सोप्यात लागली. वीस सेकंदांचं एकच चित्रण दोन्हींत घातलं. त्याची संथ फिल्म करायला कुणाला किती वेळ लागतो ते बघायचं. वायर लावलेली होती. काळ्यानं अडतीस सेकंदांत काम फत्ते केलं. करड्याला दीड मिनिट लागलं. ब्राह्मीनं भुवया उडवल्या. जोतिबा उठला आणि त्यानं दोन्हींच्या वायरी उपसल्या.

"माळावर वायर न्हाय. आता पळवा."

आता काळ्याला पंचावन्न सेकंद लागले. करड्याला दीड मिनिट आणि वर पाच सेकंद.

"बघितलंस? तुझं बेणं पेंड म्होरं असंल तरच पळतंय. माझं उपाशी बी त्याच चालीनं."

"तरी माझाच पुढं आहे काका."

"हाय की. न्हाय कोण म्हनतंय? पर खाल्लं किती ते बघूया."

मग खरी परीक्षा लावली. दोन तास. कॅमेरा एकच, म्हणून तो न जोडता दोन्ही लॅपटॉपवर तेवढंच ओझं टाकणारं चित्रण चालू ठेवायचं आणि दर दहा मिनिटांनी एक फिल्म काढायची; शर्यतीत दहा मिनिटांनी एक फेरा सुटतो तशी. मधेच झोपी जाऊ नये म्हणून ब्राह्मीनं दोन्हींची झोप बंद करून टाकली. जोतिबा लॅपटॉपच्या अंगावर हात ठेवून ताप बघायचा. तासाभरात काळ्याच्या जाळीतनं तव्याची वाफ यावी तसा वारा यायला लागला. करडा कोमट होता, एवढंच.

दोन तासांनी काळ्याच्या बॅटरीत बावीस टक्के उरले होते. करड्याच्या एकाहत्तर.

ब्राह्मीनं शर्यतीच्या हँडबिलाच्या पाठीवर हिशेब मांडला. मग स्वतःच म्हणाली, "वर माझी बॅटरी तुमच्यापेक्षा दीडपट मोठी आहे. म्हणजे माझा आणखीच खादाड निघाला."

"वाईट न्हाय गं ते. पळणारा बैल खातोयच. दिसभर नांगराला तो जुपायचा न्हाय, एवढंच."

काळा अडीच तासांत बसणार. करडा सात तासांना जरा कमी. शर्यत नऊपासून चारपर्यंत. म्हणजे करडा पुरला तर कसाबसा पुरणार. पण जोतिबाच्या डोक्यात दुसरीच काळजी होती. गटाच्या फेऱ्यांना माणसं दीड मिनिट थांबतील. फायनलला नाही थांबणार. तेवढ्यात दगड येतील. म्हणून दोघांनी मिळून ठरवलं: दिवसभर करडा, आणि फायनलला तेवढा काळा. तोवर काळा बंद, पिशवीत, मांडवात.

"चहा कुणी करायचा मग?" आण्णासाहेबांनी आतनं विचारलं.

"तुम्हीच करा," ब्राह्मी म्हणाली. "कुणीच हरलं नाही."

रविवारी माळ माणसांनी फुलला. गावातली लाईट दुरुस्तीसाठी पाचपर्यंत बंद, म्हणजे दुपारी कुणाच्या घरात नेऊन चार्ज करायचीही सोय गेली. भरमू आपली जोडी घेऊन आला होता. जोतिबाच्या समोरनं गेला, पण बघितलं नाही. नागेंद्रदाजी मात्र लांबनंच ओरडला, "पाव्हणं, ह्या वर्षी कॅमेऱ्याची पुरणपोळी व्हय?"

जोतिबानं कॅमेरा रेघेच्या बरोबर टोकाला, लोखंडी दांड्यावर बसवला. शेजारी छत्रीखाली टेबल, टेबलावर करडा, आणि करड्यापुढं ब्राह्मी. मांडव तिथनं दोनशे पावलांवर. तिथं माईकवर शामू. त्याचा गळा असा की वेदगंगेपलीकडची म्हसरंसुद्धा मान वर करावीत.

फेऱ्या सुटायला लागल्या. गाड्या रेघ ओलांडायच्या, ब्राह्मी फिल्म काढायची, जोतिबा वाकून बघायचा आणि झेंडा करायचा. पहिल्या दोन फेऱ्यांना माणसं कुरकुरली. पाचव्या फेरीला एक गाडी वितीनं हरली आणि तिच्या मालकानं स्वतः येऊन चित्र बघितलं, मान हलवली आणि निघून गेला. मग कुरकूर थांबली. दर फेरीनंतर जोतिबा कोपऱ्यातला आकडा बघायचा. बारा वाजता अठ्ठावन्न. दोनला एकोणतीस. साडेतीनला, सेमी फायनल संपल्या तेव्हा, आठ.

"पुरला!" ब्राह्मी म्हणाली. "आता माझा आणते."

फायनलला नेमक्या त्याच दोन गाड्या आल्या होत्या. भरमूची आणि नागेंद्रदाजीची. काळा आहे म्हणून जोतिबाला जरा धीर होता.

ब्राह्मी मांडवातनं आली ती काळा लॅपटॉप दोन्ही हातांवर धरून, भाजका नारळ धरावा तशी. मागोमाग शामू. लॅपटॉप उघडाच होता. पडद्याला कुंकवाचं बोट, झाकणाला झेंडूचा हार आणि बटणांवर भंडारा. मूठभर.

"शामूमामा, ह्याला काय केलासा?"

"केलासा म्हंजे? सकाळी पूजा केली की. पंचाच्या झेंड्याला भंडारा लावतोय, शिट्टीला लावतोय. ह्येनं काय पाप केलंय?"

"आणि उघडा का ठेवला?"

"देवाम्होरं मांडलेलं झाकून ठिवत्यात काय? घोंगड्यावर चांगला बसवला हुता."

झाकण उघडलं तसा लॅपटॉप जागा झाला होता आणि चार दिवसांपूर्वी बंद केलेली झोप ब्राह्मी परत चालू करायला विसरली होती. सकाळपासनं तो घोंगड्यावर, जाळ्या बुजलेल्या, भंडारा ओढत जागाच बसलेला. तरी एकवीस टक्के शिल्लक होते. ब्राह्मीनं घाईनं आधीच्या एका फेरीची फिल्म काढून बघितली. आतला पंखा किंचाळला. जाळीतनं पिवळा धूर उठला आणि सगळा तिच्या तोंडावर आला. चार दिवसांपूर्वी पंचावन्न सेकंदांत झालेल्या कामाला दोन मिनिटं झाली, अडीच झाली, आणि लॅपटॉप टपकन बंद पडला.

"आतनं तापला की तो आपणच हात आखडून घेतो," नाकातला भंडारा शिंकरत ती म्हणाली. "जळू नये म्हणून बंद पडतो. थंड व्हायला तास लागेल, काका."

"म्हंजे जळला न्हाय न्हवं?"

"नाही. साफ केला की चालेल. पण आत्ता नाही."

माईक कधीच शामूच्या हातातनं दुसऱ्या कुणी घेतला होता आणि गाड्या सुटायच्या जागेला लागल्या होत्या. करड्यात आता सात टक्के.

"ह्यो दीड मिनिट घेतोय," जोतिबा म्हणाला.

"घेऊ द्या. पण पुरेल. एका फेरीला दोन-अडीच टक्के खातो, दिवसभर तेवढेच खाल्लेत." तिनं पडद्याचा उजेड उतरवला, होतं नव्हतं ते सगळं बंद केलं. "फक्त गाड्या लवकर सोडायला सांगा."

जोतिबानं शिट्टी मारली. लांबवर धुरळा उठला. आधी नुसता धुरळा, मग शिंगं, मग हाकाऱ्यांचा गलका. दोन्ही जोड्या एका दोरीनं बांधल्यासारख्या आल्या. अलीकडच्या चाकोरीला भरमूचा पाखऱ्या, पलीकडं दाजीचा वजीर. रेघेवर माती उडाली आणि गाड्या पुढं निघून गेल्या.

वजीर पहिला. जोतिबाच्या डोळ्यानं साफ बघितलं. वजीरच. वीस वर्षांच्या सवयीनं हात उठला, झेंडा पलीकडं झुकायला लागला आणि मधेच त्यानं तो ओढून काखेत मारला. पुन्हा दाजीच, त्याच्या मनात आलं. चित्रातही दाजीच निघणार, आणि भरमू म्हणणार, कॅमेरा पण पाव्हण्यांचाच.

"झेंडा कर की रं!" माणसं रेघेकडं सरकायला लागली. "झोपला काय पंच?"

करड्याच्या पडद्यावर एक निळी पट्टी हळूहळू भरत होती. तिला माणसांचं काही देणंघेणं नव्हतं. सकाळी ज्या चालीनं भरली त्याच चालीनं आत्ताही. अर्धी झाली. सहा टक्के. भरमू आला आणि टेबलापाशी उभा राहिला. दाजीही आला. पाच टक्के. पट्टी भरली.

ब्राह्मी एकेक टिचकी मारत चित्र पुढं सरकवायला लागली. पाखऱ्याचं तोंड, वजीरचं तोंड, खाली पांढरी रेघ. टिचकी. दोन्ही रेघेच्या अलीकडं. टिचकी. तसंच. टिचकी.

पाखऱ्याचं नाक रेघेवर होतं. वजीरचं चार बोटं मागं.

जोतिबानं डोळे पुसले आणि परत बघितलं. "मागं घे," तो म्हणाला. ब्राह्मीनं मागं घेतलं, पुढं घेतलं. चार बोटंच.

"आता दाजी, तुम्ही बी बघा," असं म्हणून तो बाजूला झाला. नागेंद्रदाजीनं नाक पडद्याला लागेपर्यंत वाकून बघितलं आणि सरळ झाला. "पाखऱ्या हाय. आता काय, तुमची आक्का जेवाय घालायची न्हाय आज. ना तुमास्नी, ना मला."

जोतिबानं अलीकडं झेंडा केला. गलका उठला. पण तो तिथं थांबला नाही. दोनशे पावलं चालत मांडवात गेला आणि माईक हातात घेतला. त्याला माईकवर बोलताना कुणी कधी ऐकलं नव्हतं.

"पयली गाडी येळ्ळूरच्या भरमूची," तो म्हणाला. "आनि आयका. माझ्या डोळ्याला उलटं दिसलं हुतं. चित्र नसतं तर मी पलीकडं झेंडा केला असता. डोळा चुकला माझा. बास."

मग कुणीतरी शिट्टी मारली, कुणी हसलं, आणि हलग्या वाजायला लागल्या. कुणी दगड मारला नाही. जोतिबाला वाटलं होतं की असं बोलल्यावर आपण माणसांत उभं राहू शकणार नाही. तसं काहीच झालं नाही. उलट, लेथवरनं जड नग उतरवून ठेवल्यावर खांदे हलके होतात तसे हलके झाले.

परत आला तर ब्राह्मी रेघेवर त्याच्याच जागेवर उभी राहून बघत होती. "काका, तुम्ही कायम इथंच थांबता? रेघेच्या दोन पावलं पुढं?"

"एकदा चाक पायावरनं गेलतं. तवापासनं."

"मग पलीकडची गाडी तुम्हाला नेहमीच जरा पुढं दिसणार. इथनं बघा, दोघं बरोबर असले तरी लांबचा पुढं वाटतो. कॅमेरा रेघेवर आहे, म्हणून त्याला सरळ दिसतं."

जोतिबा तिथं उभा राहिला. तिनं सांगितलं तसं बघितलं. बराच वेळ बघितलं.

भरमू टेम्पोत बैल चढवत होता. जोतिबा जाऊन त्याच्या मागं थांबला. भरमूनं अंगाच्या भारानं आत ढकलत पाखऱ्याला उभा केला, कासरा बांधला, आणि मान न वळवता विचारलं, "गेल्या वर्षी माझी गाडी कुठल्या चाकोरीला हुती?"

एका वर्षानंतरचं हे पहिलं वाक्य.

"अलीकडच्या," जोतिबा म्हणाला.

"म्हंजे?"

"म्हंजे चुकलंच असंल माझं. चित्र न्हाय, त्यामुळं शपथ घिऊन सांगता येत न्हाय. पर चुकलंच असंल."

भरमू वळला. तंबाखूची पिंक टाकली. "मग वरीसभर हे सांगाय काय झालतं रं?"

"आजच कळलं की मला."

"मी मारं गावभर सांगत सुटलोय, जोत्या लबाड हाय म्हणून." भरमूनं त्याला खालवर बघितलं. "लबाड न्हाईस तू. नुसता आंधळा हाईस."

जोतिबाला हसू आलं. आधी थोडं, मग आवरेनासं. भरमू बघत राहिला, मग त्यालाही आलं.

"चढ वर. बस कुठं हुडकत फिरतोस आता?"

करडा लॅपटॉप पिशवीत घालून जोतिबा टेम्पोत चढला आणि कडब्याच्या पेंढीवर बसला. टेम्पो हमरस्त्याला लागला तसा भरमूनं मागच्या वर्षापासनं सुरुवात केली. थोरलीचं लग्न ठरतंय, पोरगा हिंडलग्याचा, पण सासू जरा तिखट आहे. म्हशीला दोनदा रेडकू दगावलं. कारखान्यात सुपरवायझरशी कसं वाजलं आणि त्या दिवशी बसमध्ये हे जोत्याला सांगावंसं किती वाटलं. जोतिबा व्हय, व्हय करत होता. पाखऱ्याचा श्वास मानेवर येत होता. संकेश्वर मागं पडलं. हत्तरगीचा टोलनाका आला तरी भरमूचं अजून गेल्या दिवाळीपर्यंतच झालं होतं.